हात दाखवून

पेच शहरात, टेकडीच्या उतारावर, तिसऱ्या मजल्यावर
योलान पहाटे चारला फ्रिज बंद करते.
त्याची घरघर माईकला ऐकू येते,
तिला इतकी वर्षं कधी आली नव्हती.

बावीस वर्षं हातमोज्यांच्या कारखान्यात
लांब टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला.
चाळीस बायका, एकूणएक बोलक्या:
नवरे, जावई, चरबीचे भाव, कुणाचं कुणाशी.
योलान दातांत दोरा धरून बसायची,
म्हणजे कुणी काही विचारलंच
तर तोंडात दोरा असायचा.

कारखाना मिटला. हात उरले.

भाची रेका म्हणाली, मावशी, ऑनलाइन कोर्स काढ.
चेहरा दाखव, हस, स्वतःची कहाणी सांग,
लोक माणसाकडून विकत घेतात.
आणि शेवटी लिही, आता तीनच जागा शिल्लक.
तीनच का? योलानने विचारलं. खोली कुठेय?

रेकाने कपाळावर हात मारला.
बोलणाऱ्याची बोरं विकली जातात, जगभर जातात;
न बोलणाऱ्याने काय करावं
हे म्हणी करणाऱ्यांनी सांगून ठेवलेलं नाही.
तेही बोलणारेच असणार.

'नमस्कार, मी योलान' हे तिने
चौदा वेळा रेकॉर्ड केलं.
सातव्यांदा आवाज आईसारखा आला,
अकराव्यांदा बँकेतल्या बाईसारखा.
पंधराव्यांदा तिने नमस्कारच गाळला.
पहिला धडा आता असा सुरू होतो:
चामडं आधी ओलं करा. फार नाही.
ताज्या पावाच्या पोटाइतकं.

कॅमेरा पडद्याच्या दांडीला, बुटांच्या दोन नाड्यांनी टांगलेला.
खाली फक्त हात,
डाव्या तर्जनीत जुन्या सुईचा काळा ठिपका.
हात दाखवून अवलक्षण म्हणतात,
पण तिच्याकडे दाखवायला दुसरं होतं काय?

दोन बोटांमधल्या त्या अरुंद पट्ट्या,
ज्या कुणी बघत नाही, ज्यांच्यावाचून मूठ वळत नाही,
त्यांच्यावर तिने तीन धडे खर्च केले.
सहाव्यात तर ती अकरा मिनिटं काहीच बोलत नाही.
सुई जाते. येते.
मधेच कात्रीच्या पात्यात
तिचा चेहरा उमटतो, वाकडा, चष्म्यासकट,
दोन क्षण.
रेका म्हणाली, एवढं कापून टाकते.
योलान म्हणाली, राहू दे,
तिथे टाका बरोबर पडलाय.

पहिल्या आठवड्यात कोर्स दोघांनी घेतला.
त्यातली एक रेका.
दुसरा कोमारोमचा एक निवृत्त नावाडी. त्याने लिहिलं,
सहाव्या धड्यात आवाज गेलाय, पैसे परत मिळतील का?
दोन दिवसांनी पुन्हा लिहिलं,
नको. समजलं.
रात्री झोप येत नाही तेव्हा तोच लावतो.
बायको गेल्यापासून घरात कुणी शिवत नव्हतं.

योलानने उत्तराचे नऊ मसुदे केले.
एकात तर कारखान्याचं सगळं लिहिलं,
खिडकीबाहेरच्या अक्रोडाच्या झाडापर्यंत.
पाठवलं एवढंच:
अंगठा जरा सैल ठेवा.

ऑक्टोबरअखेर एकेचाळीस जण.
जाहिरात नाही, काही नाही,
नावाड्याने बहिणीला सांगितलं, बहिणीने चर्चमध्ये,
तिथून एका पोरीपर्यंत, थेट टोरांटोला,
जिला आजीची भाषा अर्धीच येते
आणि अकरा मिनिटं मात्र पूर्ण कळतात.

दिवा लावण्याआधी योलान कधीकधी मोजते.
टेबल भरलं, एक खुर्ची जास्तच आणावी लागली.
खिडकीपासून दारापर्यंत सगळे खाली मान घालून,
सगळ्यांच्या दातांत दोरा.
कुणी कुणाला काही विचारत नाही.

मग उजाडतं, शेजारचा कुत्रा सुरू होतो,
आणि तिला आठवतं, लोणी!
ती धावत जाऊन फ्रिज लावते.